अडलेले संधान : निदान व उपाययोजना
(द्राक्षारिष्टाच्या अनुषंगाने)

प्रस्तावना

आसवारिष्टे ही वैद्याच्या कपाटातील अत्यंत सोयीची कल्पना आहे. ती दीर्घकाळ टिकतात, अल्प मात्रेत कार्य करतात आणि क्वाथास नाक मुरडणारा रुग्णही ती आनंदाने घेतो. मात्र चूर्ण, वटी अथवा क्वाथ यांच्या निर्मितीत वैद्याचा हात जितका चालतो, तितका संधानात चालत नाही. येथे वैद्य केवळ सामग्री जुळवतो, पात्र सिद्ध करतो आणि वाट पाहतो. प्रत्यक्ष कार्य डोळ्यांस न दिसणारे किण्व करीत असते. ते कार्य मध्येच थांबले, तर पुष्कळदा ते थांबल्याचे कळतही नाही. कारण अडलेले संधान आणि पूर्ण झालेले संधान वरकरणी सारखेच शांत दिसते.

या साम्यामुळे प्रस्तुत लेखकाची एकदा मोठी चूक झाली. ती येथे प्रांजळपणे मांडून, तीमधून हाती आलेली निदानाची पद्धत वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एक अनुभव

डिसेंबर २०२२ मध्ये तेल्हारा येथे शार्ङ्गधरोक्त पाठाने द्राक्षारिष्ट लावले. द्रवद्वैगुण्य धरून १२ लिटरांहून थोडा अधिक क्वाथ व ९.६ किलो गूळ असे मान होते. तिसऱ्या दिवशी घटास कान लावला असता बुडबुड्यांचा नाद स्पष्ट ऐकू आला. अकराव्या दिवशी नाद मंदावला आणि दोन-तीन दिवसांत थांबला. महिना भरल्यावर घट उघडला. पेटती काडी आत धरली, ती विझली नाही. चुन्याची निवळी ठेवून पाहिली, ती गढुळली नाही. प्रक्षेप तळाशी बसलेला होता आणि द्रव निवळलेला होता. ही लक्षणे पाहून संधान पूर्ण झाले असे मानले, अरिष्ट गाळले व काचेच्या बाटल्यांत भरून बुचे घट्ट बसविली.

मार्च अखेरीस, ऊन तापू लागल्यावर, एका रुग्णाच्या घरी कोनाड्यात ठेवलेली बाटली रात्री मोठा आवाज होऊन फुटली. त्याच कोनाड्याखाली रोज नातवंडे निजत; त्या रात्री ती अंगणात निजली होती म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवसापासून दिलेल्या सर्व बाटल्या परत मागविल्या. जी बाटली उघडावी तिच्यातून फेस उसळत होता. हायड्रोमीटरने मोजले असता वाचन ३८ ब्रिक्स आले. लावतानाचे वाचन घेतलेले नव्हते. तथापि याच मानाने पुन्हा द्रव सिद्ध करून पाहिला, तेव्हा ते ४५ च्या आसपास भरले. म्हणजे महिनाभरात जेमतेम ७ अंशांची घट झाली होती. पौषाच्या थंडीत किण्व निजले होते. चैत्राच्या उष्म्याने ते पुन्हा जागे झाले आणि बंद बाटलीत वायू कोंडत गेला.

शिशिरात संचित झालेला कफ वसंतात सूर्यतापाने पातळ होऊन प्रकुपित होतो, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो. रुग्णाच्या देहात जे आपण दरवर्षी पाहतो, ते घटाविषयी लक्षात आले नाही, याची खंत वाटते.

पूर्णतेची लक्षणे कोठे अपुरी पडतात?

नाद थांबणे, काडी न विझणे, निवळी न गढुळणे या तिन्ही परीक्षा एकाच गोष्टीची साक्ष देतात : या घटकेस कर्बवायू निर्माण होत नाही. तो का निर्माण होत नाही, हे त्या सांगत नाहीत. साखर संपली म्हणून, मद्यांश पुरेसा वाढला म्हणून, थंडी पडली म्हणून अथवा किण्व मेले म्हणून, यांपैकी कोणत्याही कारणाने तेच चित्र दिसेल. प्रक्षेप तळाशी बसणे हेही वायूचा आधार गेल्याचेच लक्षण आहे.

केवळ रुचीवरूनही निर्णय होत नाही. स्थूलमानाने लिटरमागे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की १ टक्का मद्यांश तयार होतो. आपल्या औषधसंहितेतील मानकांत बहुतेक आसवारिष्टांचा मद्यांश ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान अपेक्षित आहे. १० टक्क्यांसाठी लिटरमागे सुमारे १७० ग्रॅम साखर लागते. द्राक्षारिष्टात ती याच्या दुपटीहून कितीतरी अधिक असते. म्हणून उत्तम जमलेले द्राक्षारिष्टही गोडच राहणार. गोडी राहिली एवढ्यावरून संधान अडले असे म्हणू नये, आणि घट शांत झाला एवढ्यावरून ते पूर्ण झाले असेही म्हणू नये.

यास्तव दोन वाचने अनिवार्य मानावीत : घट लावतानाचे आणि शांत झाल्यानंतरचे. साधे ब्रिक्स हायड्रोमीटर व उंच नळकांडे एवढी सामग्री पुरे. मद्यांश पाण्याहून हलका असल्यामुळे नंतरचे वाचन खऱ्या शर्करेपेक्षा थोडे कमी दिसते. परंतु तुलनेसाठी ते पुरेसे आहे. दोन वाचनांत १० ते १२ अंशांची घट असेल व सलग तीन दिवस वाचन स्थिर असेल, तर संधान पूर्णतेच्या जवळ आहे. घट ४–७ अंशांवरच थांबली असेल, तर संधान अडले असे समजून निदानास लागावे.

तीन बाटल्यांची परीक्षा

बिअर तयार करणारे लोक, आपला द्रव खरोखर कोठवर आंबू शकतो हे पाहण्यासाठी, त्याचा थोडा नमुना उबेत ठेवून भरपूर यीस्टसह वेगळा आंबवतात. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो तिच्या ‘रोगांचा’ व त्या रोगांच्या कारणांचाच अभ्यास होता. त्या व्यवसायातील ही युक्ती आपल्या संधानास अनुरूप करून घेता येते.

अडलेल्या घटातून स्वच्छ पळीने नमुना काढावा. तीन स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत सुमारे २०० मि.लि. द्रव राहील व वर तेवढीच जागा मोकळी राहील असे पाहावे. तोंडास बूच न लावता फुगा चढवावा.

पहिली बाटली : द्रव जसाच्या तसा.
दुसरी बाटली : त्याच द्रवात जोमाने उसळणाऱ्या दुसऱ्या संधानाचे दोन चमचे अथवा कोमट पाण्यात जागविलेले थोडे यीस्ट.
तिसरी बाटली : द्रव व उकळून निवविलेले पाणी समभाग, आणि दुसरीप्रमाणेच बीज.

तिन्ही बाटल्या ३० ते ३५ अंश सेल्सिअस उष्णतेत तीन दिवस ठेवून फुग्यांकडे लक्ष ठेवावे.

१) पहिल्या बाटलीचा फुगा फुगला, तर बीज जिवंत आहे, केवळ शीतामुळे कार्य थांबले होते.
२) पहिली शांत व दुसरी चालू झाली, तर बीज क्षीण अथवा मृत आहे.
३) पहिली व दुसरी शांत, आणि हायड्रोमीटरची घट पुरेशी असेल, तर संधान पूर्ण झाले. तिसऱ्या बाटलीचा विचार करण्याचे कारण नाही.
४) पहिली व दुसरी शांत, घट अपुरी, आणि तिसरी चालू झाली, तर शर्करेचे आधिक्य हा हेतू.
५) घट अपुरी असून तिन्ही शांत राहिल्या, तर द्रवात किण्वास मारक असे काही आहे.

अडण्याचे हेतू

अ) काल व उष्णता : किण्वास साधारण २५ ते ३५ अंश उष्णता मानवते. १५ अंशांखाली ते मंदावते, ४० अंशांवर ते दुर्बळ होऊन मरू लागते. आपल्या वऱ्हाडात पौषातील रात्री १० अंशांच्या आसपास उतरतात, तर वैशाखात पारा ४४–४५ वर जातो. म्हणजे दोन्ही टोके त्यास प्रतिकूल. धान्यराशीत अथवा भूमीत घट ठेवण्याचा शास्त्रादेश या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. ज्वारीच्या राशीत किंवा जमिनीत दिवस-रात्रीचा फरक जाणवत नाही. आपण घट सिमेंटच्या खोलीत फरशीवर ठेवतो व महिना मात्र ग्रंथातील मोजतो, हे विसंगत आहे.

आ) शर्करेचे आधिक्य : अनुक्त मानासाठी शार्ङ्गधरांनी द्रव १ द्रोण, गूळ १ तुला, मध गुळाच्या निम्मा व प्रक्षेप दशमांश असा दंडक दिला आहे. द्रवद्वैगुण्य धरल्यास २४.५७६ लिटर द्रवात ४.८ किलो गूळ व २.४ किलो मध येतो आणि वाचन २० ते २२ ब्रिक्सच्या आसपास राहते. नाशिककडील वायनरीत द्राक्षरस आंबविण्यास घेतात तोही साधारण २२ ते २४ ब्रिक्सचा असतो. द्राक्षारिष्टाची गोष्ट वेगळी. अर्धी तुला द्राक्षा २ द्रोण जलात शिजवून चतुर्थांश उरवायची व त्यात २ तुला गूळ घालायचा. द्वैगुण्य धरले तरी १२.२८८ लिटर क्वाथात ९.६ किलो गूळ होतो. द्वैगुण्य धरलेच नाही, तर ६ लिटरांत तेवढाच गूळ येऊन वाचन ६० च्या पुढे जाते. तो द्रव राहत नाही, पाक होतो. मोरावळा पाकात वर्षभर टिकतो, तो त्या पाकात किण्व जगू शकत नाही म्हणूनच. द्रवद्वैगुण्याचा प्रश्न परिभाषेच्या परीक्षेपुरता नसून संधानाचे जीवित त्यावर अवलंबून आहे.

इ) बीजाची क्षीणता : धायटीचे फूल घातले म्हणजे बीज पडले, अशी आपली समजूत असते. धायटीचे कार्य निश्चित आहे. निंबारिष्टावरील १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या फुलांमध्ये साखर फोडणारे इन्व्हर्टेज विकर क्रियाशील असल्याचे दिसून आले. तथापि फूल हे किण्वाचे हमखास बीज नव्हे. सातपुड्यात धायटी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात फुलते. बाजारात मिळणारे फूल कोणत्या वर्षाचे आहे, ते धुतले की कडक उन्हात करपले, हे कळत नाही. शिवाय क्वाथ पुरता निवण्याआधी प्रक्षेप घातला, तर असलेले बीजही मरते.

ई) विरोधी द्रव्ये : पिवळाधमक गूळ पुष्कळदा हायड्रोस पावडरने उजळविलेला असतो. त्यातून राहणारा गंधकाचा अंश किण्वास रोधक आहे. हाच दोष बेदाण्यात. हिरवट-पिवळा, चकचकीत बेदाणा सामान्यतः गंधकाची धुरी दिलेला असतो. द्राक्षारिष्टासाठी काळ्या मनुकाच घ्याव्यात. गूळ काळपट व रसायनविरहित असावा. तो दिसण्यास गौण असला तरी संधानास श्रेष्ठ होय.

उ) जल : पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आपल्या तालुक्यातही शिरला आहे. त्या विहिरी-बोअरचे पाणी क्वाथास घेऊन चतुर्थांश उरविले, तर विद्राव्य क्षार जवळजवळ चौपट दाट होतात, आणि अशा पाण्याचा क्षारधर्म किण्वास हव्या असणाऱ्या आंबट माध्यमाच्या विरुद्ध जातो. वान प्रकल्पाचे अथवा साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन क्वाथात उडून जाते. परंतु न उकळता केलेल्या आसवासाठी ते पाणी उकळून निववून घ्यावे.

उपाययोजना

शीतामुळे अडले असल्यास घट अग्नीवर ठेवू नये. गोणपाटात गुंडाळून कोरड्या कुटारात अथवा धान्याच्या राशीत ठेवावा, किंवा ३५ अंश उष्णतेच्या पाण्याच्या टोपात बसवावा. तळाशी बसलेला गाळ स्वच्छ लाकडी दांड्याने अलगद वर उचलावा. त्यातच निजलेले किण्व असते. ढवळताना हवा घुसळली जाऊ नये. ग्रीष्मात उलट उपाय करावा : घट ओल्या गोणपाटाने वेढून घरातील सर्वांत थंड जागी ठेवावा.

शर्कराधिक्य असल्यास साधे पाणी ओतून अरिष्ट पातळ करू नये. त्याच द्रव्याचा ताजा क्वाथ करून, पूर्ण निववून, वाचन ३० च्या खाली येईपर्यंत मिसळावा. हा मानात केलेला बदल आहे, म्हणून तो वहीत नोंदवावा व बाटलीच्या चिठ्ठीवरही लिहावा. पुढील वेळी प्रारंभी निम्माच गूळ घालून, जोमाने उसळी आल्यावर उरलेला दोन-तीन वेळा विभागून घालावा. एकूण गूळ ग्रंथोक्तच राहतो, केवळ त्याचा काळ बदलतो.

बीज क्षीण असल्यास सर्वोत्तम उपाय म्हणजे त्याच अरिष्टाच्या उसळत्या घटातील दशमांश द्रव घालणे. तो नसल्यास वाइनसाठी मिळणारे कोरडे यीस्ट घ्यावे. १० लिटरांस ३ ग्रॅम पुरे. ते ३५ अंशांच्या ५० मि.लि. पाण्यात पाव तास भिजवावे. मग अडलेला द्रव त्यात एकदम न घालता, दर दोन-तीन तासांनी मूळ आकारमानाइतका घालीत एक लिटरपर्यंत न्यावे. तो उसळू लागला की तीन लिटर, आणि मग संपूर्ण घट. मद्यांश व शर्करा दोन्ही असलेल्या द्रवात कोरडे बीज थेट टाकले, तर ते बहुधा मरते. बाहेरून बीज घालणे अशास्त्रीय मानण्याचेही कारण नाही. सुराबीज म्हणजे किण्वक, हे शार्ङ्गधरांनीच सांगितले आहे.

विरोधी द्रव्य असल्यास तो घट सोडून द्यावा व सामग्री बदलून नव्याने आरंभ करावा.

माझ्या कपाटात उरलेल्या ११ बंद बाटल्यांवर मी हे करून पाहिले. रुग्णांकडून परत आलेल्या बाटल्या नष्ट केल्या. त्या ११ बाटल्यांतील सुमारे ५ लिटर द्रवात ३ लिटर ताजा द्राक्षाक्वाथ मिसळल्यावर वाचन २९ झाले. वरील रीतीने बीज वाढवून घातले व घट ३० ते ३२ अंशांत ठेवला. सोळा दिवसांत वाचन १८ वर येऊन स्थिरावले. फुग्याची परीक्षा केली, तेव्हा पहिली व दुसरी बाटली शांत राहिली. पुढील संपूर्ण उन्हाळ्यात त्या अरिष्टाचे एकही बूच हलले नाही.

काय टाळावे

१) आंबट दर्प, पृष्ठभागावर साय अथवा रंगीत बुरशी दिसल्यास उपायांच्या मागे लागू नये. आंबलेले मद्य वा मधुर द्रव बिघडून अम्ल झाला म्हणजे ते शुक्त, ही शार्ङ्गधरांची व्यवस्था आहे. गूळ घालून आंबटपणा झाकला जातो, अरिष्ट परत येत नाही.
२) मद्यांश कमी भरला म्हणून बाहेरून स्पिरिट मिसळणे हा औषधाशी व रुग्णाशी द्रोह आहे. अरिष्टातील मद्यांश स्वयंजातच असावा.
३) घट वारंवार उघडू नये. मद्यांश निर्माण झाल्यावर आत गेलेली हवा शुक्ताकडे नेते.
४) भुयारात अथवा जुन्या पेवात घट ठेवला असल्यास आत उतरण्यापूर्वी पुरेशी हवा खेळू द्यावी. जेथे कर्बवायूने काडी विझते, तेथे माणसाचा श्वासही कोंडतो.
५) वाचन घेतल्याविना व उष्ण परीक्षेविना काचेच्या बाटलीस घट्ट बूच लावू नये.

उपसंहार

अडलेले अरिष्ट दिल्याने केवळ बाटली फुटते असे नाही. त्यात औषधी अंश अपेक्षेप्रमाणे उतरलेला नसतो आणि साखर मात्र जवळजवळ सगळी शिल्लक असते. वर सांगितलेल्या ३८ ब्रिक्सच्या द्राक्षारिष्टाची २० मि.लि. मात्रा दोन वेळा दिली, तर रोज १५ ग्रॅमहून अधिक साखर रुग्णाच्या पोटात जात होती. दौर्बल्यासाठी औषध नेणाऱ्यांमध्ये निदान न झालेला एखादा प्रमेही नव्हता, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम ३३ इइसीने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास निर्मिती-परवान्याच्या अटीतून वगळले आहे. हा आपल्या परंपरेवर ठेवलेला विश्वास आहे. कारखान्यात प्रत्येक घाण्याची तपासणी करणारा वेगळा मनुष्य असतो. आपल्या दवाखान्यात तो मनुष्य आपणच आहोत. एक तापमापी, एक हायड्रोमीटर, तीन बाटल्या, तीन फुगे आणि एक वही, एवढ्या सामग्रीने हे काम होते. आपापल्या घटांची आरंभीची व अखेरची वाचने वैद्यबंधूंनी नोंदवून ठेवावीत. कोणत्या पाठाचे संधान कोणत्या ऋतूत कोठे अडते, हे त्या नोंदींवरून आपणांस परस्परांना सांगता येईल.